मत नसलेली खुर्ची

जूनचा दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा. विषय, राज्यशास्त्राच्या एका पूर्णवेळ अध्यापकाची निवड. उमेदवारांचा प्रवासखर्च आणि सर्वांचा चहा-नाश्ता मिळून मंजूर रक्कम दोन हजार चारशे रुपये. हजर, व्यवस्थापन मंडळाचे सातही सभासद: अध्यक्ष, पाद्रीसाहेब, प्राचार्य, दवाखान्याचे डॉक्टर, निवृत्त सुभेदार, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुलोचनाबाई आणि खजिनदार. लिहून घ्यायला मी. मी कॉलेजचा कार्यालयीन अधीक्षक. मला मत नाही, खुर्ची मात्र आहे, कोपऱ्यातली.

हे सगळं मी अशा क्रमाने सांगतो आहे, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्या अध्यक्षांना दुसरा क्रम चालत नसे. विषय, खर्च, हजेरी, मग पुढचं. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. आमच्या सांगलीजवळच्या ख्रिस्ती कॉलेजात त्यांनी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, निवृत्तीनंतर मंडळाचे अध्यक्ष झाले, आणि दोन्ही कामांत त्यांनी काही फरक केला नाही. समोर विद्यार्थी असोत की सभासद, हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही. ते स्वतःही बोलत नसत. स्टेशनसमोरच्या टपरीवर चहा सांगतानासुद्धा त्यांचा हात वर जायचा, आणि टपरीवाला म्हणायचा, "बोला सर, परवानगी हाय."

सर मूळचे साताऱ्याकडचे. वडील पलटणीत होते. वर्गात आणि सभेत सर अगदी छापील मराठी बोलायचे, पण राग आला किंवा आनंद झाला की गावची बोली वर यायची. म्हणून ते काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात, याकडे माझं जास्त लक्ष असे.

त्यांच्याबद्दल ऐकलेल्या गोष्टींपैकी एक मी स्वतः पाहिलेली आहे, तेवढीच सांगतो. आम्ही दोघं साताऱ्याहून एसटीने परत येत होतो. एप्रिलचं ऊन. खिडक्या उघडल्या तर धुळीचे लोट, बंद केल्या तर घामाच्या धारा. त्यावरून दोन बायकांची जुंपली. सर उठले, दांड्याला धरून उभे राहिले आणि सगळ्या गाडीला हात वर करायला लावले. उघड्याच्या बाजूने कमी, बंदच्या बाजूने जास्त. कंडक्टरनेही बंदच्या बाजूने हात वर केला होता. सरांनी त्याचा हात मोजला नाही. "तुम्ही शासनाचे माणूस. तुम्हाला मत नाही." कंडक्टर म्हणाला, "आवं, पर घाम मलाबी येतोय की." सर म्हणाले, घाम येऊ दे, मत नाही. निकाल तरी बंदचाच लागला. सरांचा स्वतःचा हात उघड्याच्या बाजूने होता. कराड जाईपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि बंद काचेकडे ते समाधानाने बघत होते. मला ते समाधान कळलं नाही. आजही पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर लिहितो आहे.

घरी बाईसाहेब, सासूबाई आणि ते, अशी तीन मतं. रविवारी चर्चहून आल्यावर जेवणाला काय, यावर मतदान होई. सर बहुतेक वेळा दोनास एक असे हरत. एकदा मी गेलो होतो तेव्हा बाईसाहेब मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, यांना विचारा, चाळीस वर्षांत एकदा तरी मटणाचा ठराव पास झाला का?" सर म्हणाले, ठराव मांडायचा हक्क अबाधित आहे.

राज्यशास्त्राचा पहिला धडा आपण पुस्तकात नाही, चर्चमध्ये शिकलो, असं ते सांगायचे. आमच्याकडे लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार ते जाहीर करतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा, असं विचारतात. सर म्हणायचे, "तीन रविवार मी जीव मुठीत धरून बसलो होतो. कुणी उठतंय का, कुणी खोकतंय का. सरकारनं प्रत्येक कायद्याआधी असं तीन रविवार बसून बघावं." मुलं हसायची. सर हसत नसत.

तर मुलाखती. इतर विषयांच्या मुलाखती जशा होतात तशाच होत. राज्यशास्त्राची मात्र सरांची स्वतःची रीत होती. उमेदवार आत आला की सर उठायचे, त्याला आपल्या खुर्चीत बसवायचे आणि स्वतः सभासदांच्या ओळीत जाऊन बसायचे. मग म्हणायचे, "सभा सुरू आहे. विषय, हा पंखा चालू असावा की बंद. चालवा." त्या खोलीतला पंखा लावला की टेबलावरचे सगळे कागद उडत, आणि न लावला तर जूनमध्ये बसवत नसे. म्हणजे विषय खोटा नव्हता. सरांचं म्हणणं असं की पुस्तकातलं राज्यशास्त्र कुणीही सांगतो. दहा माणसांचं भांडण ज्याला निकालापर्यंत नेता येतं, त्यानेच ते शिकवावं.

त्या दिवशी तीन उमेदवार होते. पहिला खजिनदारांचा भाचा, म्हणून सरांनी खजिनदारांना व्हरांड्यात पाठवलं. ते रागाने गेले आणि तिन्ही मुलाखती होईपर्यंत आत आले नाहीत. भाचा खुर्चीत बसला आणि म्हणाला, जशी सर्वांची इच्छा असेल तसं करू. मग सुलोचनाबाईंनी बंद म्हटलं की तो पंखा बंद करी, डॉक्टरांनी चालू म्हटलं की चालू. चार वेळा उठला. मुलगा गुणी, पण दमून गेला. दुसऱ्या उमेदवाराने लोकशाहीवर उत्तम भाषण केलं. पंख्याचं काय झालं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसरी तस्नीम. रहिमतपूरची, चौतिशीची. नेट आणि पीएच.डी. दोन्ही झालेली, आणि नऊ वर्षं सातारा-कराडच्या कॉलेजांत तासावर शिकवणारी. तासावर म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढ्यांचे पैसे; सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नाही. ती बसली, टेबलावरचे कागद वजनाखाली नीट ठेवले आणि विचारलं, "ठराव कोण मांडतंय?" सुभेदारांनी मांडला, पंखा चालू असावा. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. सर मुद्दाम मध्येच उठून मोठ्याने बोलायला लागले. दर मुलाखतीला ते असं करत, तेही कुठल्याशा पाटलाच्या आवाजात. ती म्हणाली, "सर, आपलं नाव माझ्याकडे आलेलं नाही. खाली बसा." सर बसले. मतं पडली तीनास तीन. तिच्या कपाळावर घाम होता, आणि पंखा लावावा असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ती म्हणाली, "पंखा आत्ता बंद आहे. बदल करायला बहुमत मिळालेलं नाही. अध्यक्षाचं मत, जे आहे ते तसंच ठेवण्याच्या बाजूने. पंखा बंद."

ती बाहेर गेल्यावर सर मला हळूच म्हणाले, "घामानं निथळली, पर ढळली न्हाई. लय भारी." बोली वर आली होती. मी मनात निवड झाली असं लिहून टाकलं.

पण आमच्या संस्थेच्या घटनेत एक कलम आहे. पूर्णवेळ अध्यापक चर्चचा सभासद असावा. नसेल तर मंडळाच्या एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश लोकांची संमती लागते. सात सभासद, म्हणजे पाच मतं. ही संमती आम्ही पूर्वी कितीतरी जणांना दिलेली आहे, आमच्या कॉलेजात निम्म्याहून जास्त अध्यापक असेच आलेले आहेत. पण त्या वेळी चर्चचा कुणी अर्जदार नव्हता. या वेळी भाचा होता.

खजिनदारांचा विरोध कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं. सुलोचनाबाईंचा तसा नव्हता. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपली शिकलेली पोरं पुण्याला घरोघरी पार्सलं पोचवतायत. त्यांना आपल्या संस्थेतही जागा नाही, तर कुठं आहे ते मला सांगा."

मतदान झालं. बाजूने चार: पाद्रीसाहेब, प्राचार्य, डॉक्टर, सुभेदार. विरोधात दोन. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "सर, आपलं मत?"

"अध्यक्षांना मत नाही. समसमान मतं पडली तरच. कलम अकरा."

"अहो, पण आपण सभासदही आहात. एकूण सातांत आपण धरलेले आहात. एका मतासाठी अडलंय."

"एका मतासाठी अडलंय, म्हणून कलम बदलत नाही. चार विरुद्ध दोन. पाच झालेली नाहीत. ठराव नामंजूर." आणि मग माझ्याकडे बघून, "भाऊसाहेब, लिहा."

मी लिहिलं. कलम अकरा वीस वर्षांपूर्वी सरांनीच लिहिलेलं होतं. कलम चौदाही त्यांचंच: एकदा फेटाळलेला विषय सहा महिने पुन्हा घेता येत नाही. स्वतः निवडलेल्या उमेदवाराला त्यांनी स्वतःच्या दोन कलमांनी पाडलं. सुभेदार जाताना म्हणाले, "पलटणीत अशा माणसाला आम्ही नकाशा द्यायचो, बंदूक देत नव्हतो."

नकाराचं पत्र टाकू नका, असं सरांनी मला बजावलं. ज्याला नाही म्हणायचं त्याच्या दारात जाऊन म्हणावं, हीही त्यांची एक सवय. आम्ही पॅसेंजर गाडीने रहिमतपूरला गेलो. गाडीत मी विचारलं, मत द्यायला काय हरकत होती? मन तर तुमचं तेच होतं. सर खिडकीबाहेरचा ऊस बघत म्हणाले, "गड्या, आज मी माझ्या माणसासाठी नियम वाकवला, तर उद्या खजिनदार वाकवंल. आणि त्याच्याकडं माणसं लय हायत."

तस्नीमच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. तस्नीमने आम्हाला स्टुलं दिली. सरांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, मतांसकट. वडील ऐकत होते आणि एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत होते. ती बाई गेल्यावर म्हणाले, "आवं सर, येक विचारतो, राग मानू नगा. तुमचं मत पोरीच्या बाजूनं व्हतं का न्हाई?"

"होतं."

"तुमाला देता येत न्हवतं, म्हून तुमी दिलं न्हाई."

"हो."

"आन त्यो कायदा तुमीच केलाय."

"हो."

म्हाताऱ्याने उरलेल्या बांगड्या दोरीत ओवल्या. मग तस्नीमला म्हणाला, "पोरी, मानूस खरा हाय. पर अशा मानसाच्या दारात नोकरी मागाय नगो." ती हसली नाही. सरही हसले नाहीत.

मी मध्ये पडलो. तासावरच्या नेमणुकीला दोन तृतीयांश लागत नाहीत. प्राचार्यांच्या सहीने होतं. सहा महिने तासावर या, डिसेंबरात विषय पुन्हा घेऊ. मला वाटलं मी मार्ग काढला. ती म्हणाली, "तासावर नको. नऊ वर्षं झाली, सर. तास संपला की त्या कॉलेजात मी कुणीच नसते. स्टाफरूममध्ये माझ्या नावाचा कप्पासुद्धा नाही. पुण्याच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासनं बोलावलंय. डिसेंबरपर्यंत थांबते. नाही झालं तर तिकडे हो म्हणणार, आणि मग परत कॉलेजात शिकवायला येणार नाही."

परतीच्या गाडीत सर एकदाच बोलले, तेही हात वर न करता. एवढंच: "शिकवाय येनार न्हाई म्हंजी काय?"

जुलैपासून वर्ग सरांनीच घेतले, दुसऱ्या मजल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनी. भाच्याला तासावर घ्या, असं खजिनदार सुचवत होते. सर म्हणाले, निवृत्त अध्यापक उपलब्ध असताना नको. मी जिन्याखालच्या खोलीत बसतो. सर चढताना मधल्या वळणावर थांबत, ते मला ऐकू येई.

आकडे मांडण्याची सवय माझी. नोव्हेंबरात मी सरांपुढे हिशेब मांडला. अनुकूल माणसं तुमच्यासह पाच. लागणारी मतं पाच. खुर्चीत बसेल त्याचं मत जाणार. तुम्ही बसलात तर चार उरतात. तुमच्या जागी अनुकूलांपैकी दुसरा बसला तरी चारच उरतात. म्हणजे खुर्चीत विरोधकच बसला पाहिजे. खजिनदार बसणार नाहीत. राहिल्या सुलोचनाबाई.

सर म्हणाले, "हे मी जूनमध्येच मोजलं होतं." मग टोपी घेतली. "चला, त्यांना सांगून येऊ."

मी म्हटलं, सांगायचं कशाला? सभेत त्यांचं नाव मानाने सुचवा. अध्यक्षपद मिळतंय म्हटल्यावर बसतील. मतदानाच्या वेळी कळेल. सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी छत्री शोधायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

सुलोचनाबाई माधवनगरला राहतात, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सरांनी बसल्याबसल्या सांगितलं, "बाई, डिसेंबरच्या सभेत अध्यक्षपद तुम्ही घ्यावं अशी माझी विनंती आहे. घेतलंत तर तुमचं मत जाईल आणि मला माझं मिळेल. ठराव पास होईल. हे आधी सांगायला आलो."

बाईंनी कपात चहा ओतता ओतता हात थांबवला. "तुम्हाला बरं वाटतं ना, असं येऊन सांगायला?"

"बरं नाही वाटत."

"मग मी का बसू?"

"ते मला सांगता येत नाही."

"माझं म्हणणं चुकीचं होतं का?"

"नाही. बरोबर होतं. भाच्याचं नाव त्यात आलं, एवढंच चुकलं."

बाईंनी थांबवलेला चहा ओतून पुरा केला. मग मला विचारलं, "तिला तासावर बोलावलं होतं म्हणे. आली का नाही?" तस्नीम जे बोलली होती ते मी सांगितलं, कप्प्यासकट. बाईंनी विचारलं, किती वर्षं झाली तिला? नऊ, मी म्हटलं.

"मला आठ," त्या म्हणाल्या. "शाळेला अनुदान यायच्या आधी. एप्रिल संपताना पत्र मिळायचं, जूनमध्ये गरज असल्यास कळवू. आठ उन्हाळे मी पोस्टमनची वाट बघितलीय. माझ्या लग्नातसुद्धा माझं लक्ष तिकडंच होतं." मग कप पुढे केला. "चहा घ्या. गार होतोय." हो किंवा नाही, काहीच म्हणाल्या नाहीत. सरांनीही विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काय समजायचं? सर म्हणाले, "मतदानाआधी समजायचं नसतं, भाऊसाहेब." पण फाटकाची कडी न लावताच ते चालायला लागले, ती मी लावली.

डिसेंबरच्या सभेला तस्नीमला बोलावलं नव्हतं, बोलवायची रीतही नव्हती. तरी ती आणि तिचे वडील सकाळच्या गाडीने आले होते आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. वडिलांनी आपल्याबरोबर डबा आणला होता, आणि तो उघडत नव्हते.

आत सर आपल्या खुर्चीमागे उभे राहिले, बसले नाहीत. म्हणाले, आजच्या सभेपुरतं अध्यक्षपद सुलोचनाबाईंनी स्वीकारावं. डॉक्टरांनी अनुमोदन दिलं. खजिनदार वाकून बाईंच्या कानाशी लागले, पण आवाज कमी करायचं विसरले: "नका बसू बाई, मत जातंय तुमचं, हा डाव आहे." बाई म्हणाल्या, "मला माहीत आहे. सरांनी घरी येऊन सांगितलंय. तुम्ही भाच्याला घेऊन कधी आलात?"

आणि उठून खुर्चीत जाऊन बसल्या. खुर्ची सरांच्या उंचीची. बाईंचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

सरांनी ठराव मांडला. त्यांना स्वतःच्या सभेत ठराव मांडताना मी प्रथमच पाहत होतो. हात वर करून परवानगी मागितली, मिळाल्यावर उभे राहिले, आणि शब्द सापडेनात. "ही बाई... ह्या उमेदवार... शिकवू शकतात," असं काहीतरी म्हणून बसले. हात वर झाले. बाजूने पाच. विरोधात एक. बाईंनी दोनदा मोजले. "ठराव मंजूर." मग मला म्हणाल्या, "आणि भाऊसाहेब, पुढे लिहा. अध्यक्षांचा या ठरावाला विरोध आहे. आपल्या मुलांसाठी जागा निघेपर्यंत तो राहील."

सर लगेच उभे. "हरकत आहे. अध्यक्षांना विरोध नोंदवता येत नाही. कलम अकरा."

सुभेदारांनी कपाळावर हात मारून घेतला. प्राचार्य सरांचा सदरा धरून ओढायला लागले. ज्या बाईंनी एवढं केलं त्यांना हा माणूस दोन ओळीही लिहू देईना. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हरकत फेटाळली. अध्यक्षांचा निर्णय अंतिम. कलम नऊ. ते तुम्हीच लिहिलंय, मी काल वाचलं. खाली बसा."

सर बसले. एसटीतल्या बंद काचेकडे बघताना जो चेहरा होता, तो. मला वाटतं त्या दिवशी ते दोनदा जिंकले, पण विचारलं असतं तर एकदा हरलो असं म्हणाले असते, आणि त्याचाच आनंद मानला असता. बाहेर जाऊन तस्नीमला मी सांगितलं. तिने आधी वडिलांचा डबा उघडला.

सर आता साताऱ्याला मुलाकडे असतात. तिथे घरी मतं पाच आहेत, असं कळतं.

डिसेंबरच्या त्या सभेनंतर भत्ते वाटले. सभासदांचे शंभर रुपयांप्रमाणे सहा जणांचे सहाशे. त्यांत सरांचे शंभर, त्यांनी सही करून घेतले. अध्यक्षांचे दोनशे, सुलोचनाबाईंना रोख दिले.